नवी मेमरी कुणाच्या नावावर?



स्मृतिव्याख्यानाला ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, मेमरी-हॉटप्लग हा विषय? हो, तोच. साहित्य, समाज, इतिहास हे या व्यासपीठाचे नेहमीचे विषय. त्यांच्या रांगेत हा थोडा परका वाटेल. पण यात एक जुनाच प्रश्न दडलेला आहे, आणि तो संगणकाशी संबंध नसलेल्या माणसालाही कळेल असा आहे. यंत्र चालू आहे. वीज न घालवता, काम न थांबवता त्यात नवी मेमरी जोडली. या यंत्रात प्रोसेसर एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येकाच्या जवळची अशी थोडी थोडी मेमरी आहे. मग ही नवी आलेली मेमरी कुठल्या प्रोसेसरच्या जवळची? कर्नलला हे कसं कळतं? माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. कर्नलला ते कळत नाही. त्याला ते सांगितलं जातं. आणि जेव्हा कुणीच सांगत नाही, तेव्हा तो ‘माहीत नाही’ असं लिहून ठेवत नाही. एक आकडा ठोकून देतो, आणि तो आकडा पुढे खऱ्या माहितीच्या तोऱ्यात वावरतो. अंदाज करायला माझी हरकत नाही. अंदाज आणि माहिती यांत पुढे काही फरकच उरू न देण्याला आहे. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः लिनक्सबद्दल, कारण त्याचा कर्नल कुणालाही उघडून वाचता येतो.

मेमरीला जवळचा आणि लांबचा प्रोसेसर असतो, हेच पुष्कळांना नवं वाटेल. आपल्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरची चिप एक आणि तिला जोडलेल्या मेमरीच्या एक-दोन पट्ट्या. सगळी मेमरी सारखीच जवळ. सर्व्हरमध्येही बराच काळ असंच होतं. दोन किंवा चार प्रोसेसर, सगळ्यांना मिळून एक सामाईक मार्ग, त्या मार्गाच्या पलीकडे मेमरी. सगळ्यांना सगळी मेमरी सारखीच लांब, म्हणून कुणाची तक्रार नाही. पण प्रोसेसर वाढले तसा तो सामाईक मार्ग तुंबायला लागला. १९९६ साली आलेली एसजीआयची ओरिजिन २००० आणि सीक्वेंटची नूमा-क्यू ही यंत्रं या अडचणीवरचा एक तोडगा दाखवतात: प्रोसेसरांचे गट करा, प्रत्येक गटाला त्याची मेमरी द्या आणि गट एकमेकांना जोडा. कुठलाही प्रोसेसर कुठलाही पत्ता वाचू शकतो, पण स्वतःच्या गटातला लवकर आणि दुसऱ्या गटातला उशिरा. ही यंत्रं महाग होती, मोजक्या ठिकाणी होती. मग २००३ साली एएमडीने ऑप्टेरॉनमध्ये मेमरी-कंट्रोलर प्रोसेसरच्याच चिपवर आणला, २००८ मध्ये इंटेलच्या नेहालेमने तेच केलं, आणि दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसर-चिपांचा, अगदी साधा सर्व्हरसुद्धा या जातीचा झाला. अशा प्रत्येक गटाला कर्नल नोड म्हणतो. (जाता जाता: पुण्यात सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला. त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटर प्रोसेसरपाशी त्याची स्वतःची मेमरी होती, आणि दुसऱ्याची मेमरी पत्ता देऊन वाचायची सोयच नव्हती. निरोप पाठवून मागायची. तिथे आजचा आपला प्रश्न उद्भवतच नाही. तो उद्भवतो, ते सगळ्यांना सगळं दिसतं पण सगळं सारखं जवळ नसतं, अशा यंत्रात.)

मग यंत्र सुरू होताना कर्नलला कसं समजतं की अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंतची मेमरी पहिल्या नोडची आणि पुढची दुसऱ्याची? पुष्कळांची समजूत अशी असते की कर्नल तपासून बघत असेल, वेळ मोजत असेल. तसं तो काहीच करत नाही. यंत्रातलं फर्मवेअर, म्हणजे त्यात आधीपासून बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर, त्याच्या हातात एक तक्ता ठेवतं. एसीपीआय नावाच्या मानकात या तक्त्याला एसरॅट म्हणतात. कुठला प्रोसेसर कुठल्या विभागातला आणि कुठल्या पत्त्यांची मेमरी कुठल्या विभागातली, एवढंच त्यात असतं. जोडीला स्लिट नावाचा दुसरा तक्ता. त्यात विभागांमधली अंतरं. स्वतःपासून स्वतःचं अंतर १०, आणि दुसऱ्या विभागाचं २० लिहिलं असेल तर दुप्पट. हे नॅनोसेकंद नव्हेत, नुसतं प्रमाण आहे, आणि तेही कुणीतरी लिहून दिलेलं. एसरॅटची जात आपल्या सातबाऱ्याची आहे. जमीन कुणाची हे तलाठी शेतात उभं राहून ठरवत नाही, उताऱ्यावर पाहून सांगतो. बँकही उताऱ्यावरच कर्ज देते. आणि मधल्या काळात व्यवहार होऊन फेरफार नोंदवायचा राहिला असेल, तर कागद आणि जमीन वेगवेगळं बोलू लागतात. कर्नलही एसरॅटवर असाच विसंबतो. त्यातले विभागांचे क्रमांक ०, २, ५ असे कसेही असले, तरी तो आपले नोड ०, १, २ असे ओळीने मांडतो आणि कुठला विभाग म्हणजे आपला कुठला नोड याची यादी ठेवतो. पुढचं सगळं काम त्या यादीवर.

या टप्प्यावर कर्नलचं वागणं मला प्रामाणिक वाटतं, आणि ते मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे मी त्याच्यावर टीका करणार आहे. समजा, यंत्रात मेमरी आहे ६४ जीबी, पण एसरॅटमध्ये हिशेब लागतो ४० जीबीचाच. कर्नल काय करतो? उरलेले २४ जीबी कुणाच्या तरी गळ्यात घालत नाही. अख्खा तक्ताच बाजूला ठेवतो. नोंदवहीत लिहितो की तक्त्यात सगळी मेमरी येत नाही, म्हणून तो वापरलेला नाही. आणि पुढे लिहितो की सगळ्या मेमरीचा मिळून एकच नोड बनवत आहे, तो खोटा आहे. खोटा आहे असं तो स्वतःच म्हणतो! यंत्र चालतं, थोडं हळू चालतं, पण नोंदवही उघडणाऱ्या कुणालाही कळतं की इथे जवळ-लांब असा भेद केलेला नाही. अज्ञान आहे आणि अज्ञान म्हणूनच नोंदलेलं आहे. हे वागणं लक्षात असू द्या.

आता हॉटप्लगकडे येऊ. यंत्र चालू असताना मेमरी जोडली जाते तेव्हा काय होतं, ते जरा जवळून बघू. फर्मवेअरकडून कर्नलला सूचना येते की एक नवं मेमरी-उपकरण आलं आहे. एसीपीआयमध्ये त्याची ओळख पीएनपी०सी८०. कर्नल त्याला दोन गोष्टी विचारतो. पहिली: तुझे पत्ते कुठून कुठपर्यंत? याचं उत्तर असावंच लागतं, नाहीतर पुढे जाताच येत नाही. दुसरी: तुझा विभाग कुठला? यासाठी पीएक्सएम नावाची एक मेथड ठरलेली आहे. उपकरणापाशी ती नसेल, तर कर्नल त्याच्या वरच्या उपकरणाला विचारतो, तिथे नसेल तर त्याच्याही वरच्याला. बापाला, मग आजोबाला. कुठेतरी उत्तर मिळालं तर काम झालं. नाहीच मिळालं, किंवा यंत्र सुरू होताना न नोंदलेलाच एखादा विभाग कुणी सांगितला, तर? तर कर्नल बूटच्या वेळच्या, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या, नोंदी काढतो आणि या पत्त्यांबद्दल तिथे काही लिहिलंय का ते बघतो. एसरॅटमध्ये तशी सोय आहे: आज रिकामे असलेले, पण उद्या मेमरी बसू शकेल असे पत्ते आधीच एखाद्या विभागाच्या नावे लिहून ठेवता येतात. आणि तिथेही काही नसेल तर? इंटेल-एएमडीच्या यंत्रांवर कर्नल यादीतल्या पहिल्या मेमरी-तुकड्याचा नोड उचलतो आणि नवी मेमरी त्याच्या खात्यावर टाकतो. नोंदवहीत त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. ज्या प्रोसेसर-घराण्यांसाठी असं खास काम लिहिलेलं नाही, तिथे सर्वसाधारण कोड चालतो. तो सरळ शून्य नोड धरतो. तो निदान एक ओळ लिहितो, की या पत्त्याचा नोड माहीत नाही, शून्य धरत आहे. पण ती ओळ एकदाच. यंत्र सुरू झाल्यापासून पहिल्यांदा जेव्हा असं घडतं तेव्हा फक्त. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा काही नाही. आयबीएमच्या पॉवर यंत्रांची व्यवस्था निराळी आहे. तिथे मेमरीच्या प्रत्येक ठोकळ्याला त्याच्या जवळिकीचा संदर्भ जोडलेला असतो. पण त्यातूनही नोड निघाला नाही, तर चालू असलेला पहिला नोड घ्यायचा, हे तिथेही आहेच.

बूटच्या वेळी ‘खोटा आहे’ म्हणणारा कर्नल इथे गप्प का? आणखी एक विसंगती आहे, आणि ती मला जास्त बोलकी वाटते. एखाद्या ड्रायव्हरने मेमरी जोडताना कर्नलच्या शक्य नोडांच्या यादीत नसलेला क्रमांक दिला, तर कर्नल ठणकावून नकार देतो, इशारा छापतो, मेमरी घेत नाही. म्हणजे चुकीचं सांगितलेलं त्याला चालत नाही. काहीच न सांगितलेलं मात्र चालतं. चुकीचं बोलणाऱ्याला दार बंद आणि मौन बाळगणाऱ्याला पहिला नोड आंदण! हे कुणी दुष्टाव्याने केलेलं नाही. एकेका ठिकाणी, एकेका अडचणीपोटी, यंत्र कोसळू नये म्हणून कुणीतरी एक ओळ लिहिली, आणि अशा ओळींची बेरीज हे धोरण होऊन बसली.

हे सगळं कागदोपत्रीच नाही हे पटावं म्हणून आभासी यंत्रांचं, म्हणजे एका खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या यंत्रांचं, एक उदाहरण जरा सविस्तर घेतो. आज मेमरी-हॉटप्लग सर्वांत जास्त होतो तो खऱ्या पट्ट्यांचा नव्हे, आभासी यंत्रांमध्येच. क्यूईएमयू हे त्यासाठीचं एक सर्वत्र वापरलं जाणारं साधन. यंत्र सुरू करताना सांगायचं: मेमरी ४ जीबी, रिकाम्या खाचा ४, कमाल ३२ जीबी, नोड दोन. मग यंत्र चालू असताना १ जीबीची एक पट्टी जोडायची आणि सांगायचं की ही शून्य नोडची. आता गंमत बघा. पुढे जोडल्या जाणाऱ्या मेमरीसाठी राखलेल्या सगळ्या पत्त्यांची एसरॅटमध्ये एकच नोंद असते, आणि क्यूईएमयू ती लिहितो शेवटच्या नोडच्या नावे. आपल्या उदाहरणात नोड १ च्या. का? त्याच्या कोडमध्ये कारण सरळ लिहून ठेवलेलं आहे: ही नोंद नसेल तर विंडोजमध्ये मेमरी-हॉटप्लग सुरूच होत नाही, आणि सर्वांत वरचा नोड दिला तर विंडोज जास्त बरं वागतं. लिनक्सलाही ती नोंद एका वेगळ्याच कामासाठी लागते. यंत्रात चार जीबीहून कमी मेमरी असली, तरी पुढे त्यापलीकडची येऊ शकते हे त्याला तिच्यावरून कळतं. त्यापलीकडचे पत्ते न झेपणाऱ्या उपकरणांसाठी तो मधल्या बफरची तजवीज करून ठेवतो. म्हणजे नोंद आहे, सोयीची आहे, आणि आपल्या पट्टीपुरती ती साफ खोटी आहे. पट्टीची पीएक्सएम मेथड म्हणते शून्य, तक्ता म्हणतो एक. कर्नल आधी पट्टीला विचारतो म्हणून निभावतं. आता पट्टीऐवजी व्हर्टिओ-मेम हे उपकरण घ्या. २०२० साली लिनक्सच्या ५.८ आवृत्तीत आलेलं, मेमरी लहान लहान हप्त्यांत वाढवता-घटवता यावी म्हणून. त्यालाही आपला नोड सांगता येतो. पण सांगितला नाही, तर त्याचा ड्रायव्हर पत्त्यावरून नोड काढतो. पत्त्यावरून म्हणजे? त्याच नोंदीवरून. विंडोजच्या सोयीसाठी लिहिलेल्या एका ओळीच्या जोरावर लिनक्समधली मेमरी नोड १ ची ठरू शकते. आणि एकदा ठरली की ती तितकीच अधिकृत, जितकी पट्टीने स्वतः सांगितलेली.

‘एकदा ठरली की’ हे शब्द मी सहज वापरलेले नाहीत. हॉटप्लगमध्ये दोन पायऱ्या असतात. आधी मेमरी कर्नलच्या हिशेबात येते; मग ती वापरासाठी खुली होते. हिशेबात येते तेव्हा तिची विभागणी होते. सर्वसाधारण ६४-बिटी इंटेल-एएमडी यंत्रावर १२८ एमबीचा एक ठोकळा, त्यात चार केबीची ३२,७६८ पानं, आणि प्रत्येक पानामागे कर्नल ६४ बाइटांचं एक वर्णन तयार करतो. म्हणजे एका ठोकळ्यामागे २ एमबी नुसत्या वर्णनांचे. या प्रत्येक वर्णनाच्या काही बिटांमध्ये नोडचा क्रमांक कोरलेला असतो. बत्तीस हजार पानांवर बत्तीस हजार वेळा. तो क्रमांक ठरतो पहिल्याच पायरीवर. यंत्र सांभाळणारा ॲडमिनिस्ट्रेटर येतो दुसऱ्या पायरीवर. तो ठरवू शकतो की ही मेमरी खुली करायची की नाही, ती कर्नलने स्वतःच्या कामाला वापरावी की हलवता येण्याजोग्या पानांपुरतीच ठेवावी. नोड ठरवायचा अधिकार त्याला नाही. ती वेळ निघून गेलेली असते. मग चूक लक्षात आली तर? ठोकळा रिकामा करायचा, बाहेर काढायचा, पुन्हा जोडायचा. रिकामा करायचा तर त्यातलं प्रत्येक पान दुसरीकडे हलवावं लागतं. प्रोग्रामांची पानं हलतात. कर्नलची स्वतःची बरीचशी पानं हलत नाहीत. त्या १२८ एमबीत असं एक पान जरी जाऊन बसलं, तरी ठोकळा निघत नाही, आणि चुकीचा क्रमांक यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत तसाच राहतो. सर्व्हरच्या बाबतीत ‘पुन्हा सुरू होईपर्यंत’ म्हणजे काही महिनेसुद्धा असू शकतात. नाहीतरी पुन्हा सुरू करावं लागू नये म्हणूनच हॉटप्लग केला होता ना?

इथवरचं एकत्र बांधून घेतो, मग आक्षेपांकडे वळतो. नोड कळत नाही, सांगितला जातो. सांगणारे एकाहून अधिक असतात आणि ते एकमेकांशी सहमत असतीलच असं नाही. कुणीच बोललं नाही तर पहिला नोड किंवा शून्य नोड, तोही जवळजवळ गुपचूप. आणि ठरलेलं बदलणं फार कठीण.

पहिला आक्षेप हुशार माणसाच्या मनात लगेच येतो. सांगण्यावर कशाला विसंबायचं? मोजावं. नवी मेमरी आली की प्रत्येक नोडवरून ती वाचून बघावी, जिथून लवकर वाचता येते तो तिचा नोड. ऐकायला हे इतकं सरळ वाटतं की कर्नलवाल्यांना सुचलं कसं नाही, असं वाटावं. अडचणी तीन आहेत. पहिली: प्रोसेसर वाचलेली माहिती मधल्या कॅशमध्ये धरून ठेवतो, पुढचं आधीच ओढून घेतो. त्यातून खरं अंतर बाहेर काढायला काळजीपूर्वक रचलेली चाचणी लागते आणि त्या वेळी यंत्रावर दुसरा भार नको. हॉटप्लग तर नेमका भार असतानाच होतो. दुसरी अडचण आभासी यंत्राची: तिथला प्रोसेसर हा खालच्या यंत्रावरचा एक धागा असतो, तो मोजमाप चालू असतानाच एका सॉकेटवरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. तिसरी, काही यंत्रांत मेमरीचे पत्ते दोन कंट्रोलरांमध्ये आळीपाळीने वाटलेले असतात. तिथे जवळचा कोण, या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. म्हणून मोजून नोड ठरवावा, असं मी म्हणणार नाही. पण आक्षेपात तथ्य आहे हेही मान्य करतो. ठरवायला मोजमाप कच्चं असलं, तरी ढोबळ खोटं पकडायला ते पुरेसं आहे. नोंद म्हणते जवळ आणि वाचन दर वेळी दीडपट उशिरा होतं, तर कुठेतरी गफलत आहे, एवढं नक्की कळतं. पुढे एसीपीआयमध्ये एचमॅट नावाचा आणखी एक तक्ता आला, त्यात प्रत्यक्ष वेळ आणि वेग यांचे आकडे असतात. लोक त्याला मोजमाप समजतात. तेही फर्मवेअरचं सांगणंच. फक्त जास्त तपशिलात.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. जवळच्या मेमरीला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, दुसऱ्या सॉकेटवरच्या मेमरीला दीडपट किंवा फार तर दुप्पट. एवढ्यासाठी व्याख्यान? एका वाचनापुरतं हे खरं आहे. पण चुकीच्या क्रमांकाचं नुकसान एका वाचनात नसतं. कर्नलचा सगळा मेमरी-कारभार त्या क्रमांकावर चालतो. प्रोग्राम ज्या नोडवर चालतोय तिथली मेमरी आधी द्यायची, हा त्याचा मूळ नियम. समजा, नवे ३२ जीबी खरोखर नोड १ च्या सॉकेटला लागून आहेत, पण नोंदले गेले नोड ० वर. नोड १ वरच्या डेटाबेसला मेमरी कमी पडली की कर्नल म्हणणार, इथली संपली. खरं तर शेजारी ३२ जीबी मोकळे पडलेले आहेत. ती मेमरी मिळणार नोड ० वरच्या प्रोग्रामांना, ज्यांना ती लांब आहे. इथेच थांबत नाही. २०१३ नंतरच्या लिनक्समध्ये एक स्वयंचलित व्यवस्था आहे. ती प्रोग्राम कुठली पानं वापरतो हे बघते आणि ती पानं त्याच्या नोडवर हलवते. चुकीच्या क्रमांकाखाली हीच व्यवस्था काय करेल? डेटाबेसची जी पानं त्या नव्या मेमरीत, म्हणजे खरोखर जवळ पडलेली आहेत, ती दूर आहेत असं समजून हलवायला काढेल. नोड ० वरच्या प्रोग्रामाची नोड १ वर पडलेली पानं जवळ आणायची म्हणून उचलून या नव्या, तितक्याच लांबच्या मेमरीत टाकायला तिची हरकत असणार नाही. आळशी व्यवस्था चुकीची माहिती मिळाली तर नुसती बसून राहते. कष्टाळू व्यवस्था त्या माहितीवर दिवसरात्र राबते. आणि हा त्रास शोधायचा कसा? सगळी आकडेवारी त्याच क्रमांकांवर बेतलेली असल्यामुळे तिच्यात सगळं आलबेल दिसतं.

तिसरा आक्षेप असा, की आभासी यंत्रात नोड हीच मुळी एक कल्पना आहे. पाहुण्या, म्हणजे आभासी, यंत्राला दाखवलेले दोन नोड खाली एकाच सॉकेटवर असू शकतात, मग तिथे चूक आणि बरोबर यांना अर्थ काय? हा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो. ती रचना कल्पित असेल, पण कुणीतरी विचारपूर्वक कल्पिलेली असते. आभासी यंत्राचे नोड खालच्या खऱ्या सॉकेटांना बांधून देणं ही मोठ्या डेटाबेसांसाठी रोजची पद्धत आहे. तिथे पाहुण्या कर्नलचा अंदाज चुकला, तर वरून आखलेला सगळा बंदोबस्त फुकट. आणि बांधलेलं नसेल? तर खरंच फारसं बिघडत नाही. पण बिघडत नाही हे पाहुण्या कर्नलला माहीत नसतं, एवढाच माझा मुद्दा.

आता थोडं आजच्या काळाकडे. २०१९ साली सीएक्सएल या मानकासाठी कंपन्यांचा संघ उभा राहिला. या मानकाने मेमरी प्रोसेसरच्या शेजारच्या खाचेतच बसली पाहिजे हे बंधन सोडलं. ती विस्तार-कार्डासारखी दूर लावता येते. अशा मेमरीच्या जवळ प्रोसेसरच नसतो. मग ती कुठल्या प्रोसेसरच्या नोडवर नोंदवायची? उत्तर असं निघालं की तिला स्वतःचाच नोड द्यायचा, ज्यात मेमरी आहे आणि प्रोसेसर एकही नाही. याची तालीम इंटेलच्या ऑप्टेन मेमरीच्या वेळीच झाली होती. २०१९ च्या लिनक्समध्ये तशी मेमरी साध्या मेमरीसारखी वापरायची सोय आली, तेव्हा एका उपकरणाला दोन क्रमांक बाळगावे लागले: एक, त्याला सर्वांत जवळ असलेल्या प्रोसेसर-नोडचा, दुसरा, ते मेमरी म्हणून खुलं केलं तर ज्या नोडवर नोंदवायचं त्याचा. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. ‘याच्या जवळ कोण’ आणि ‘हे स्वतः कोण’ हे दोन प्रश्न तिथे पहिल्यांदा वेगळे झाले. इतकी वर्षं एकाच आकड्यात दोन्ही उत्तरं कोंबली जात होती.

पण जुनी सवय इथेही डोकावते. कर्नलमध्ये शक्य नोडांची यादी बूटच्या वेळी पक्की होते. यंत्र चालू असताना या यादीत नवा नोड वाढवता येत नाही. सीएक्सएलचं उपकरण मात्र कधीही येऊ शकतं. म्हणून लिनक्सने ५.१६ या आवृत्तीपासून असं ठरवलं की फर्मवेअरने सीएक्सएलसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांच्या ज्या खिडकीबद्दल एसरॅटमध्ये काही नाही, तिला बूटलाच एक नोड देऊन ठेवायचा. पुढे त्या खिडकीत जे येईल ते त्या नोडचं. पूर्वीच्या ‘सगळं शून्यावर’पेक्षा हे शंभर पटींनी बरं, येणाऱ्याला निदान वेगळी जागा आहे. तरी एकाच खिडकीत एक चपळ आणि एक संथ अशी दोन उपकरणं आली, तर दोघांचा क्रमांक एकच. पत्त्यावरून ओळख ठरवायचं धोरण बदललं नाही; पत्त्यांची वाटणी तेवढी बारीक झाली.

मग माझं मागणं काय? नोड सांगितला नसेल तर मेमरी घेऊच नये, असं? नाही. ज्या क्षणी यंत्राला मेमरीची निकड आहे, त्या क्षणी आलेली मेमरी कागद अपुरे म्हणून परत पाठवणारा कर्नल कुणालाच नको आहे. लांबची मेमरी ही मेमरी नसण्यापेक्षा केव्हाही चांगली. अंदाज करावा, काम चालवावं. पण तो क्रमांक उपकरणाने सांगितला, तक्त्यावरून घेतला, की काहीच नव्हतं म्हणून धरला, हे त्या क्रमांकाबरोबर राहावं, आणि दर वेळी राहावं, पहिल्याच वेळी नव्हे. आज मेमरीच्या कुठल्याही ठोकळ्याचा नोड बाहेरून बघता येतो; तो कशाच्या आधारावर ठरला, हे बघता येत नाही. ते दिसू लागलं तर पानं हलवणाऱ्या व्यवस्थेलाही सांगता येईल की धरून चाललेल्या क्रमांकांवर इतकी मेहनत नको. ॲडमिनिस्ट्रेटरला मेमरी खुली करण्याआधी, म्हणजे चूक अजून दुरुस्त होण्यासारखी असताना, थांबता येईल.

यावर कर्नल सांभाळणाऱ्यांचा ठरलेला आक्षेप आहे, आणि तो हलका नाही: बाहेर दाखवलेली कुठलीही माहिती एकदा दाखवली की कायमची दाखवत राहावी लागते, कारण कुणीतरी तिच्यावर प्रोग्राम लिहून बसतं. खरं आहे. पण मग उलटं विचारतो: धरून चाललेला क्रमांक आपण आज कायमचा दाखवतोच आहोत ना? त्याच्यावर प्रोग्राम लिहिलेलेच आहेत. ओझं आधीच डोक्यावर आहे, फक्त त्याचं वजन किती हे कळत नाही. राहिला जागेचा प्रश्न. एक टेराबाइट मेमरीचे १२८ एमबीचे ठोकळे होतात ८,१९२. प्रत्येकामागे एक बाइट ठेवला, तर सगळे मिळून ८ केबी. त्याच टेराबाइटमागे कर्नल नुसत्या पानांच्या वर्णनांसाठी १६ जीबी बाजूला काढतो, आणि त्यातल्या प्रत्येक वर्णनात तो नोडचा क्रमांक लिहितो.